तीनशे फुटांची उडी : पोलादी रोलर कोस्टर कसा उभा राहतो?

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर 'सीडर पॉइंट' हे मनोरंजन उद्यान वसले आहे. १८७० साली सरोवरकाठचे विहारस्थान म्हणून त्याची सुरुवात झाली. जुलै १९९९ मध्ये या उद्यानाने नव्या पोलादी रोलर कोस्टरची घोषणा केली. तोपर्यंत पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी परत येणाऱ्या रोलर कोस्टरपैकी कोणीही तीनशे फुटांची उंची गाठलेली नव्हती. जपानमधील 'फुजीयामा' हा २५९ फुटांचा रोलर कोस्टर त्या प्रकारात अग्रस्थानी होता. सीडर पॉइंटचा नवा रोलर कोस्टर ३१० फूट उंच असणार होता आणि त्याचा पहिला उतार तब्बल ३०० फुटांचा, ८० अंशांच्या कोनात, म्हणजे जवळजवळ उभाच असणार होता. ताशी सुमारे १५० किलोमीटर वेग, ६,५९५ फूट लांबीचा मार्ग आणि अडीच कोटी डॉलर खर्च असा हा प्रकल्प होता. ऑगस्टमध्ये काम सुरू झाले आणि १३ मे २००० रोजी 'मिलेनियम फोर्स' लोकांसाठी खुला झाला.

म्हणजे अवघ्या नऊ महिन्यांत, त्यातही ओहायोच्या कडाक्याच्या हिवाळ्यात, एका तीस मजली इमारतीच्या उंचीची ही रचना उभी राहिली. इमारत एकाच जागी स्थिर उभी असते. येथे मात्र छत्तीस प्रवासी घेतलेली गाडी दिवसभर, काही मिनिटांच्या अंतराने, त्या रचनेवरून धडधडत जाणार होती. प्रवाशाला जीव मुठीत धरावासा वाटला पाहिजे आणि त्याच वेळी त्याच्या जिवाला खरा धोका मुळीच असता कामा नये, अशा दोन परस्परविरोधी अटी रोलर कोस्टरच्या अभियंत्याला पाळाव्या लागतात. या अटी कशा पाळल्या जातात आणि त्या कोठे मोडू शकतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

बर्फाच्या घसरगुंडीपासून पोलादी नळीपर्यंत

रोलर कोस्टरचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत शोधले जाते. लाकडी सांगाड्यांवर बर्फाचा थर देऊन तयार केलेल्या या उंच उतारांवरून घसरत जाणे, हा सेंट पीटर्सबर्गमधील हिवाळी करमणुकीचा प्रकार होता. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही 'रशियन पर्वत' असेच म्हणतात. अमेरिकेत १८८४ साली ला मार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता आणि तिकीट होते पाच सेंट. १९२० च्या दशकात लाकडी रोलर कोस्टरची मोठी भरभराट झाली.

या प्रकारातील खरा बदल १९५९ मध्ये घडला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १४ जून १९५९ रोजी 'मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स' खुला झाला. ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने त्यासाठी प्रथमच पोकळ पोलादी नळीचा रूळ वापरला. लाकडी मार्गावर पोलादाची पट्टी ठोकून रूळ बनवला जात असे. त्याला तीव्र वळण देणे किंवा पीळ देणे अवघड होते. पोलादी नळी मात्र कारखान्यात हवी तशी वाकवता येते, सर्व दिशांनी येणारा ताण सहन करते आणि तिच्यावर गाडी जवळजवळ हादऱ्यांविना धावते. उलटे करून नेणारी वळणे, उभी वर्तुळे आणि तीनशे फुटांचे उतार हे सारे या नळीमुळेच शक्य झाले. सीडर पॉइंटमध्येच १९८९ साली 'मॅग्नम एक्सएल-२००' या २०५ फुटांच्या रोलर कोस्टरने दोनशे फुटांची मर्यादा ओलांडली होती. 'मिलेनियम फोर्स' हे त्यापुढचे पाऊल होते.

गुरुत्वाकर्षणाचा हिशेब

पारंपरिक रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. तिला एकदा माथ्यावर नेऊन सोडले की पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या बळावर होतो. उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते, पुढच्या चढावर पुन्हा स्थितिज ऊर्जेत रूपांतरित होते, आणि प्रत्येक टप्प्यावर घर्षण व हवेचा विरोध आपला वाटा काढून घेतात. म्हणूनच अशा रोलर कोस्टरमध्ये पहिला चढ सर्वांत उंच असतो.

हा हिशेब शाळेतील पुस्तकाइतका सोपा आहे. ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर, खाली येणाऱ्या वस्तूचा वेग घर्षण नसल्यास ताशी सुमारे १५२ किलोमीटर भरतो. 'मिलेनियम फोर्स'चा प्रत्यक्ष वेग ताशी १५० किलोमीटर आहे. या सूत्रात गाडीच्या वजनाला स्थान नाही. मात्र व्यवहारात भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा थोडी वेगाने धावते, कारण वजनाच्या तुलनेत तिला होणारा विरोध कमी पडतो. थंडीत चाकांतील वंगण घट्ट झालेले असते, म्हणून सकाळची पहिली गाडी संथ असते. दुपारी तीच गाडी अधिक वेगाने धावते. समोरून जोराचा वारा आला तर हलकी, रिकामी गाडी एखाद्या चढावर अडून मागे येऊ शकते. या सगळ्या शक्यता आराखड्यातच धराव्या लागतात.

तीनशे फूट वर जाण्यासाठी नेहमीची साखळी पुरेशी नव्हती. इतकी लांब साखळी स्वतःच अतिशय जड होते आणि गाडीला संथपणे वर नेते. 'मिलेनियम फोर्स'साठी इंटामिन या स्विस कंपनीने उद्वाहनाप्रमाणे पोलादी दोराची योजना केली. एक छोटा वाहक गाडीला पकडतो आणि ४५ अंशांच्या चढावरून झपाट्याने माथ्यावर नेतो. चढ तीव्र ठेवता आल्याने जागाही वाचली, आणि सरोवराने वेढलेल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर जागा हीच मोठी अडचण होती.

शरीर किती सोसते?

उंची आणि वेग वाढवणे ही केवळ पैशांची आणि पोलादाची बाब नाही. खरी मर्यादा मानवी शरीराची आहे. उताराच्या तळाशी गाडी वर वळते तेव्हा प्रवासी आसनात दाबला जातो. हा दाब स्वतःच्या वजनाच्या चौपटीपर्यंत ठेवायचा असेल, तर ताशी १५० किलोमीटर वेगासाठी तळाच्या वळणाची त्रिज्या सुमारे साठ मीटर असावी लागते. वेग दुप्पट झाला तर त्रिज्या चौपट हवी. उंच रोलर कोस्टरला लांबलचक जागा का लागते, याचे उत्तर या गणितात आहे.

या गणिताकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. कोनी आयलंड येथे १८९५ साली 'फ्लिप फ्लॅप' नावाचा, उभ्या वर्तुळातून प्रवाशाला उलटे नेणारा रोलर कोस्टर उभारण्यात आला. त्याचे वर्तुळ लहान आणि अचूक गोल होते. अचूक वर्तुळात गाडी माथ्यावरून जेमतेम पार व्हायची तरी तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट दाब येतो. शिवाय सरळ मार्गावरून वर्तुळात शिरताना तो एकदम, झटक्यासारखा येतो. 'फ्लिप फ्लॅप'च्या प्रवाशांच्या माना दुखावत. पैसे देऊन बसणाऱ्यांपेक्षा पैसे देऊन पाहणाऱ्यांनाच त्याचे आकर्षण अधिक होते, आणि थोड्याच वर्षांत तो इतिहासजमा झाला.

त्यानंतर उभे वर्तुळ यशस्वीपणे साकारण्यास १९७६ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथील 'रिव्होल्यूशन'साठी जर्मन निर्माते आंतोन श्वार्त्सकॉफ आणि अभियंता वर्नर स्टेंगल यांनी वर्तुळाला थेंबाचा आकार दिला. तळाशी त्रिज्या मोठी आणि माथ्यावर लहान, अशी ही वक्ररेषा आहे. रेल्वेमार्ग सरळ रेषेतून वळणात शिरताना जी हळूहळू आवळत जाणारी वक्ररेषा वापरली जाते, तिचेच हे उभे रूप. तिच्यामुळे दाब एकदम न येता क्रमाक्रमाने वाढतो. 'मिलेनियम फोर्स'च्या आराखड्यामागेही स्टेंगल यांचेच कार्यालय होते. या रोलर कोस्टरमध्ये प्रवासी एकदाही पूर्ण उलटा होत नाही. त्याऐवजी रूळच वळणावर १२२ अंशांपर्यंत, म्हणजे उभ्या भिंतीच्याही पलीकडे, कललेला आहे. त्यामुळे इतक्या वेगातही प्रवासी बाजूला न फेकला जाता आसनात दाबला जातो.

पाया, खांब आणि बोल्ट

प्रत्यक्ष उभारणीची सुरुवात जमिनीखाली होते. इमारतीच्या खांबावर मुख्यतः खाली दाबणारे बल असते. रोलर कोस्टरच्या खांबाला मात्र गाडी वळणावर बाजूला ढकलते, तळाशी दाबते आणि टेकडीच्या माथ्यावरून जाताना चक्क वर उपटू पाहते. ही बले क्षणाक्षणाला बदलतात. त्यामुळे काँक्रीटचे पाये खोल आणि जड असावे लागतात व त्यांत रोवलेले नांगरबोल्ट अतिशय काटेकोरपणे बसवावे लागतात.

रूळ आणि खांब कारखान्यात तयार होतात. नळ्या आराखड्यानुसार वाकवल्या जातात, मधल्या मुख्य कण्याला त्या वेल्डिंगने जोडल्या जातात, रंग दिला जातो आणि वाहून नेता येतील एवढ्या लांबीचे तुकडे जागेवर येतात. तेथे क्रेनच्या साह्याने ते उचलून बोल्टने जोडायचे असतात. जागेवर कापाकापीला वाव जवळजवळ नसतो. म्हणूनच फेरीचा शेवटचा तुकडा बिनचूक बसतो की नाही, ही साऱ्या मोजमापांची परीक्षा असते. तापमानाचाही विचार करावा लागतो. शंभर मीटर लांबीचे पोलाद तापमान ४० अंशांनी बदलले की सुमारे पाच सेंटीमीटर लांब किंवा आखूड होते. ओहायोत हिवाळा आणि उन्हाळा यांतील फरक यापेक्षाही मोठा असतो.

गाडी रुळावरून उडून कशी जात नाही, हा सामान्य प्रवाशाला पडणारा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर चाकांच्या रचनेत आहे. आगगाडीप्रमाणे येथे चाके केवळ रुळाच्या वर नसतात. काही चाके वरून, काही बाजूने आणि काही खालून रुळाला बिलगलेली असतात. खालच्या चाकांची ही कल्पना अमेरिकन अभियंता जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये पेटंट केली. गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असल्याने ती माथ्यावर हवेत उचलली गेल्याचा भास होतो, पण ती रूळ सोडू शकत नाही.

थांबवण्यासाठी आता बहुतेक ठिकाणी चुंबकीय ब्रेक वापरतात. गाडीच्या तळाशी असलेली धातूची पट्टी रुळालगतच्या शक्तिशाली चुंबकांमधून जाते तेव्हा तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो गतीला विरोध करतो. यासाठी वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी ब्रेक लागतोच. मात्र वेग जितका कमी तितका हा विरोधही कमी. म्हणून गाडी पूर्ण थांबवण्यासाठी वेगळी यंत्रणा ठेवावी लागते.

एका टप्प्यात एकच गाडी

एका मार्गावर एकाच वेळी दोन-तीन गाड्या धावत असतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून सारा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस गाडी थांबवता येईल अशी सोय असते, आणि पुढचा टप्पा रिकामा असल्याची खात्री संवेदकांकडून मिळाल्याशिवाय संगणक मागच्या गाडीला पुढे सोडत नाही. लोहमार्गावरील सिग्नल व्यवस्थेचे तत्त्व हेच आहे. टप्प्यांची संख्या गाड्यांपेक्षा किमान एकाने अधिक हवी, हा त्याचा साधा नियम.

ही व्यवस्था किती भरवशाची आहे आणि तिच्यातील दुबळा दुवा कोणता, हे ब्रिटनमधील एका अपघाताने दाखवून दिले. आल्टन टॉवर्स उद्यानातील 'स्मायलर' हा पोलादी रोलर कोस्टर २०१३ मध्ये सुरू झाला. प्रवाशांना चौदा वेळा उलटे करण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. २ जून २०१५ रोजी जोराचा वारा वाहत होता. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी मार्गात अडकली. तिच्यामागे सोळा प्रवासी असलेली गाडी चढावर थांबली. संगणकाने तिला रोखून धरले होते. यंत्रणा अगदी बरोबर वागत होती. परंतु एक जादा गाडी मार्गावर आणल्याची कल्पना संबंधित अभियंत्यांना नव्हती. मार्ग मोकळा आहे आणि यंत्रणेनेच चुकीची सूचना दिली आहे, असा समज होऊन त्यांनी ती अडवणूक हाताने दूर केली. भरलेली गाडी सुटली आणि रिकाम्या गाडीवर आदळली. सोळाही जण जखमी झाले. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. २०१६ मध्ये न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड ठोठावला. दोष रुळाचा, चाकांचा किंवा संगणकाचा नव्हता. यंत्र 'नाही' म्हणत असताना माणसाने काय करावे, याची पद्धत ठरलेली नव्हती, हा दोष होता.

पोलादाचा थकवा

दुसरा धोका अधिक संथ आहे. एकदा सहज पेलला जाणारा भार लाखो वेळा आला, तर पोलादात सूक्ष्म तडा निर्माण होऊन तो वाढत जातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. अमेरिकेतील कॅरोविंड्स उद्यानात २०१५ साली सुरू झालेला 'फ्युरी ३२५' हा जगातील उंच रोलर कोस्टरपैकी एक. जून २०२३ च्या अखेरीस तेथे आलेल्या एका प्रेक्षकाला एका खांबाला आरपार तडा गेलेला दिसला. गाडी जाताना खांबाचा वरचा भाग बाजूला सरकत असल्याचे त्याने केलेल्या चित्रीकरणात स्पष्ट दिसत होते. रोलर कोस्टर ताबडतोब बंद करण्यात आला, खांब बदलण्यात आला आणि तपासण्यांनंतर ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. कोणालाही इजा झाली नाही. रचनेत पुरेसे पर्यायी आधार असल्याने एक खांब निकामी होऊनही मार्ग कोसळला नाही, ही अभियंत्यांची जमेची बाजू. तडा रोजच्या तपासणीऐवजी एका पाहुण्याच्या नजरेला पडला, ही काळजीची बाजू.

आतून येणारा गंज तर नजरेलाही दिसत नाही. जुलै २०१७ मध्ये ओहायो राज्याच्या जत्रेत एका फिरत्या झुलत्या पाळण्याची आसने तुटून एका तरुणाचा मृत्यू झाला. आधार देणारी तुळई आतून अतिशय गंजल्याचे निर्मात्याने नंतर सांगितले. म्हणूनच वेल्डिंगच्या जागा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी व चुंबकीय चूर्णाने तपासल्या जातात. थंड प्रदेशातील उद्याने हिवाळ्यात बंद असताना गाड्या सुट्या करून त्यांचे भाग तपासतात. अमेरिकेत कायमस्वरूपी उद्यानांतील पाळणे १९८१ पासून केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर असून ही जबाबदारी राज्यांवर आहे. ओहायोत ती कृषी खात्याकडे आहे.

विक्रमांचे अल्पायुष्य

'मिलेनियम फोर्स'चा विक्रम तीन महिनेही टिकला नाही. १ ऑगस्ट २००० रोजी जपानमधील नागाशिमा येथे ३१८ फुटांचा 'स्टील ड्रॅगन २०००' सुरू झाला. भूकंपप्रवण प्रदेशामुळे त्याला कितीतरी अधिक पोलाद लागले आणि खर्च पाच कोटी डॉलरच्या वर गेला. सीडर पॉइंटनेच २००३ मध्ये ४२० फुटांचा, तर न्यू जर्सीतील एका उद्यानाने २००५ मध्ये ४५६ फुटांचा 'किंगडा का' उभारला. या दोघांनी गाडीला चढावर नेण्याऐवजी द्रवदाबाच्या यंत्राने भिरकावण्याचा मार्ग स्वीकारला. ही यंत्रे वेगवान होती, पण नाजूक आणि खर्चिकही. 'किंगडा का' २०२४ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. २०२५ च्या अखेरीस सौदी अरेबियातील किदिया येथे खुल्या झालेल्या 'फाल्कन्स फ्लाइट'ने ताशी सुमारे २५० किलोमीटर वेग आणि चार किलोमीटरहून अधिक लांबी गाठून वेग, उंची व लांबी हे तिन्ही विक्रम आपल्याकडे घेतले.

भारतात या क्षेत्राची वाटचाल उशिरा सुरू झाली. दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ मध्ये आणि मुंबईजवळ गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' १९८९ मध्ये सुरू झाले. २०१३ साली खोपोलीजवळ मुंबई-पुणे मार्गालगत सुरू झालेल्या 'इमॅजिका'त 'नायट्रो' हा पायाखाली तळ नसलेला, पाच वेळा उलटे करणारा पोलादी रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीने उभारला. कोकणच्या सीमेवरील मुसळधार पाऊस आणि दमट हवा यांमुळे येथे गंजाविरुद्धची लढाई ओहायोपेक्षा वेगळी, पण तितकीच अखंड असते.

पाव शतकानंतरही 'मिलेनियम फोर्स' धावतो आहे. त्याच्याहून उंच असलेले काही रोलर कोस्टर त्याच्यानंतर आले आणि त्याच्याआधी मोडीतही निघाले. उंचीचा विक्रम घोषणेच्या दिवशी बातमी होतो. मात्र दररोज सकाळी पहिला प्रवासी बसण्यापूर्वी रिकामी गाडी फिरवून पाहणाऱ्या, बोल्ट ठोकून पाहणाऱ्या आणि शंका आल्यास दिवसभर रोलर कोस्टर बंद ठेवणाऱ्या तंत्रज्ञाची बातमी होत नाही. बंद फाटकापुढे हिरमुसलेल्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे असे इतकेच, की त्या दिवशी त्याच्या तिकिटाचे खरे मोल त्याला मिळालेले असते.